मोहर रे, मोहर गो

जगात बाप्ये किती आणि बाया किती, आणि कोणी कुठल्या बाजूला उभं राहायचं, ही सगळी व्यवस्था देवाने माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांवर सोपवली आहे, याबद्दल माझ्या मनात आता काडीची शंका उरलेली नाही. बहीण त्यांना मामा म्हणते, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. शेणव्याला घर, घरामागे भाताची खाचरं आणि ओढ्यापर्यंत उतरत गेलेला बांध. माणूस धिप्पाड, मिशा अशा की चहाचा कप आधी मिशांना विचारून तोंडाला लागावा. पण कुणाच्या घरी मुलगा झाला असं कानावर आलं की मामा वजन विचारत नाहीत, रंग विचारत नाहीत. नाकाच्या उजव्या पाळीवर बोट घासत एवढंच विचारतात, "नाव काय ठेवणार? बाप्याचं हाय ना?"

नाव ऐकताच बाप्या की बाई ते कळलं पाहिजे, हे मामांनी फारच मनावर घेतलेलं. त्यांच्या घरात नावाचा घोळ चालतच नाही. कुत्रा सरदार, बैल सुलतान, आणि कोंबडा तर थेट फौजदार. शेजारच्यांनी नातवाचं नाव आरव ठेवलं तेव्हा गल्लीतल्या बायकांना धाकधूक होती, पण मामांनी ते एका दमात पास केलं. "चांगलं हाय. कोंबडाच आरवतो, कोंबडी नाय." दुसऱ्या कुणी ओम ठेवलं तर म्हणाले, "एवढंसं नाव? हाळी बांधाच्या निम्म्यात जाऊन पडंल." शहापूरच्या एका बँकेतल्या किरण नावाच्या साहेबांना ते तोंड पाहीपर्यंत हाकच मारत नसत. "सूर्याचा किरण तो, हे मला बी कळतं," असं म्हणायचे, "पन माझ्या शाळंत दोन किरण व्हत्या आन् दोघींना बी वेण्या." एकदा तर एका लग्नात मांडवाच्या कमानीवर 'शीतल आणि किरण' एवढंच लिहिलेलं पाहून गृहस्थ एका हातात टोपी-टॉवेल आणि दुसऱ्या हातात खणाची पिशवी घेऊन दारातच थांबले. मामी आतून खुणावतायत, पंगत बसतेय, आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतायत, "टोपी कोनाला घालू आन् ओटी कोनाची भरू, ते आधी सांगा!"

आम्ही पोट धरधरून हसायचो. हसणं आमच्याच घरावर उलटेल हे कुठं माहीत होतं?

माझ्या बहिणीला मुलगा झाला. बहीण तेव्हा माहेरी, म्हणजे मुरबाडला आमच्याकडे होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने वाट पाहिलेली, आणि त्यात दोनदा दिवस राहून मूल पोटातच गेलेलं. त्या दिवसांत ती परसातल्या आंब्याकडे बघत बसायची. मोहोर यायचा, ढग दाटायचे, आणि सगळा खाली सडा. बाळ झालं ते ऐन माघात. बाळाला घेऊन घरी आली तेव्हा आंबा असा फुलला होता की पान दिसेना. तिने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, या वेळी गळला नाही गं. मी याचं नाव मोहर ठेवणार." माझ्या डोळ्यांना धार लागली. जावईबापूंनाही नाव आवडलं. बहिणीने एकच सांगितलं, "मामांना तू सांग. त्यांनी नाही म्हटलं तर मी भांडणार नाही. पण दुसऱ्या कुठल्या नावाने मला हाक मारता यायची नाही."

बारशाचं बोलावणं घेऊन मी शेणव्याला गेले. नाव ऐकलं आणि मामांचं बोट नाकाच्या पाळीवर गेलं.

"मोहर," ते म्हणाले. "आंब्याचा मोहोर तो. पन सोन्याची मोहर ती. आमचा पोरगा यातला कंचा?"

"आंब्याचा, मामा."

"ते तुमाला म्हाईत, मला म्हाईत. शाळंतल्या पोरांना कोन सांगणार? चला बांधावर."

आता बांधावर म्हणजे काय, तर मामांची परीक्षा. नावापुढे रे लावायचा आणि छाती भरून हाळी मारायची. नाव बाप्याचं असेल तर रे ठणठणीत बसतो. बाईचं असेल तर जीभ आपोआप 'गो'कडे वळते. मामा बांधाच्या टोकाला उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला, ओढ्याकडे तोंड केलं आणि ओरडले, "मोहर गोऽऽ!"

आणि स्वतःच तोंडावर हात मारून घेतला. झालं, म्हटलं, बाळाचं नाव गेलं. मामा माझ्याकडे न बघता पुटपुटले, "जीभ घसरली. परत." या वेळी दम असा घेतला की गळ्याच्या शिरा तटतटल्या. "मोहर रेऽऽ!"

ओढ्यापलीकडे भेंडी तोडणाऱ्या बाया होत्या. त्यांतल्या दोघी पाट्या टाकून पदर सावरत काठापर्यंत धावत आल्या. "कुठं? कुठं हाय मोर?" तिसरी मागून ओरडली, "आगो, दिसला काय?" मामा क्षणभर गोंधळले. मग मिशांच्या आड हसू फुटलं, आणि सगळा माणूस मोकळा झाला.

"ताई, आयकलंत?" ते म्हणाले. "मोर म्हनल्या. लांडोर नाय म्हनलं कोनी. मोर म्हंजे अस्सल बाप्या! सांगा सुनेला, ठेव म्हनावं." पलीकडच्या बाया अजून झाडांत मोर शोधत होत्या. त्यांना खरं सांगायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

चहा टाकता टाकता मी मामींना म्हटलं, "एवढं काय हो त्यांचं नावांवर?" मामींनी आधी बाहेर नजर टाकली. "त्यांच्या नाकाची पाळी बघितली नाय कदी? टोचलेली हाय. सासूबायला आधी दोन पोरगे झाले, दोनी गेले. हे झाले तवा तिनं नाक टोचलं, परकर नेसवला आन् नावच ठेवलं 'बाय'. पोरगीच हाय म्हनून दृष्ट लागू नये. शाळंत मास्तरांनी नाव बदललं, पन पोरांनी काय सोडलं नाय. 'बाय गो बाय' करून लई छळलं." मग हळूच म्हणाल्या, "सासूबाय मातुर मरस्तोवर बायच म्हनायची. कोन नसताना."

माझं हसू तिथंच विरलं.

बारसं थाटात झालं. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, मोहर नाव जाहीर झालं, घुगऱ्या वाटल्या. मामा नवी टोपी घालून मांडवभर सांगत होते, "मोर! आमचा मोर!" पंगत उठली तशा सगळ्या बाया मागल्या दारी गेल्या, बहीणही अंग टेकायला आत गेली, आणि पाळण्यात बाळाने टाहो फोडला. मी हात पुसत धावत आले आणि दारातच थांबले. मामा पाळण्यापाशी मांडी घालून बसले होते. टोपी काढून बाजूला ठेवलेली. दोरी ओढत ते एवढ्या बारीक आवाजात बोलत होते की तो आवाज त्या मिशांतून येतोय यावर माझा विश्वास बसेना.

"गप गो बाय. गप. काय व्हत नाय तुला. गप गो."

बाळ हुंदके देत देत शांत झालं. मामांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाले. बोट नाकाकडे निघालं होतं, ते त्यांनी वाटेतच थांबवलं.

"आजचा दिवस, ताई," ते म्हणाले. "उद्यापासून रे."

मोहर आता घरभर धावतो. बांधावरून मामांची हाळी ओढ्यापार जाते, "मोहर रेऽऽ!", आणि पलीकडच्या बाया आता हसून "आला आला मोर" म्हणतात. पण परवा त्याला ताप भरला होता म्हणून मी शेणव्याला गेले, तर मामा त्याला खांद्यावर घेऊन ओसरीत येरझारा घालत होते, आणि तोंडाने तेच चालू होतं, बाय गो, गप गो. मी चप्पल न वाजवता अंगणातच थांबले. मामांना 'बाय' म्हणणारं आता कोणी राहिलेलं नाही. निदान स्वतःच्या तोंडून तरी त्यांना ते ऐकू दे, असं मला वाटलं.