जाळाचा रंग

पवनीच्या कुंभारपुऱ्यात चार घरांचा मिळून मडकी भाजायचा एकच आवा होता आणि तो कधी बंद करायचा, हे केवळराम ठरवी. वीस वर्षं हा मान त्याच्याकडे होता. आव्याच्या तोंडातून जाळ पाहायचा; लाल आहे तोवर लाकडं सारत राहायची, पिवळा झाला की तोंड चिखलानं लिंपायचं. घाई झाली तर धूर मडक्यांवर बसून काळे डाग पडतात. उशीर झाला तर खालचा थर वाकडा होतो.

१९७८चा वैशाख. अकती, म्हणजे अक्षय तृतीया, चार दिवसांवर आली होती. पितरांच्या पाण्यासाठी लोक लाल, बिनडागी घागर घेतात; डागाळलेली कोणी हातात धरत नाही. चारही घरांची महिन्याभराची मेहनत आत रचलेली होती.

आणि केवळरामला जाळ दिसत नव्हता.

दिवाळीपासून दोन्ही डोळ्यांवर सायीसारखं काही आलं होतं. वाकून पाहिलं की पांढरट धब्बा तेवढा हलताना दिसे. हे त्यानं कोणाला कळू दिलं नव्हतं. मागचे दोन आवे त्यानं धुरावर काढले. धूर नाकाला झोंबायचा थांबला, की "लिंपा" म्हणायचं. आज मात्र सरपणात ओली बाभूळ आली होती. धूर झोंबायचा थांबेचना.

विचारायची सोय नव्हती. आवा पेटल्यावर जाळाचा रंग बोलून दाखवला तर नजर लागते, असा पुऱ्याचा नेम. बाकीच्यांनी गप्प बसायचं.

ऊन कललं. पुतण्या तुलाराम चिखलाचं घमेलं घेऊन ताटकळला होता.

"काका, जाळ पाहून राहिले का झोपून राहिले?"

"तुले काहून घाई?"

"मले नाही, चिखलाले. दोनदा भिजवला."

बायका हसल्या. केवळरामनं तळहात आव्याच्या तोंडाशी नेला. बोटांवरचे केस जळाल्याचा वास आला, पण धगीवरून रंग कळत नाही. आता लिंपा म्हणावं तर सगळं काळं निघेल. थांबावं तर आत या घडीला काय वाकत असेल, कोण जाणे.

"देवका," त्यानं बायकोला हाक मारली. "रंग काय हाय?"

तुलारामनं घमेलं खाली ठेवलं. त्याची आई निर्मलाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊजी, काय बोलता हे?"

"मले दिसत नाही. दिवाळीपासून."

देवकाबाई वाकली. "पिवळा हाय."

"कधीचा?"

"बराच वेळ झाला. मले वाटलं, तुम्ही पाहून राहिले."

सगळे चिखलाकडे धावले.

आवा निवायला दोन दिवस लागले. अकतीच्या आदल्या दिवशी राख उपसली. वरचे थर लालबुंद, एकही डाग नाही. खालचा थर मात्र पार बसला होता. घागरी एकमेकींना टेकून वाकड्या झाल्या होत्या. त्यात चारही घरांच्या होत्या.

"रंग बोलले, म्हणून झालं," निर्मलाबाई म्हणाली.

"उशिरा बोलले, म्हणून," तुलाराम म्हणाला.

केवळरामनं एक वाकडी घागर चाचपून खाली ठेवली. दोन्ही बाजूंनी दोष त्याचाच होता.

पुढच्या आव्याला तोंडाशी तुलाराम बसला. तसं कोणी ठरवलं नाही. केवळरामच आला आणि सरपणाच्या ढिगाजवळ टेकला. लाकूड हातात आलं, की साल नखानं खरवडून ओलं-सुकं पाहायचं आणि मगच पुढे द्यायचं, एवढं काम त्यानं घेतलं.