घंटा झाल्यावरचा गोल

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटजवळच्या त्या खाणगावात सायलस ट्रेगियरला सगळे सायल्याच म्हणत. अंगाने किडकिडीत, पण उडी अशी, की दोन धिप्पाड गड्यांच्या डोक्यावरून चेंडू अलगद झेलायचा. आठवडाभर खाण, शनिवारी फुटबॉलचं मैदान; तिथल्या फुटबॉलात चेंडू हातानेही झेलतात. १९१५ साली तो लढाईवर गेला, फ्रान्समध्ये तीन वर्षं तोफखान्यात राबला आणि हातपाय शाबूत घेऊन परतला. सुटला बुवा, असं गावाला वाटलं. कान गेले होते, हे फक्त बायकोला, एल्सीला ठाऊक.

"मिकला सांगून टाक एकदाचं," ती तोंडासमोर येऊन म्हणायची. मिक हॅनरहन संघाचा कप्तान.

"सांगितलं की तो मला घरी बसवणार. मग शनिवारी काय करू, भिंतीशी गप्पा मारू?"

गडी बेरकी. शिट्टी ऐकू येत नसे, म्हणून बाकीच्यांचे खांदे बघायचा. ते सैलावले की हाही थांबायचा. अख्खा मोसम असा निभावला.

शेवटच्या सामन्यात गाव चार गुणांनी मागे होतं. एका गोलाचे सहा. सायल्याने गोलासमोर चेंडू झेलला आणि लगेच सामना संपल्याची घंटा झाली. झेल घंटेआधीचा, म्हणजे जागेवरून एक किक त्याच्या हक्काची, निवांत मारावी. फक्त एरवीसारखं बाजूला पळायचं नाही. पळाला की सामना संपला. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

समोरच्याचे खांदे सैलावलेले दिसले, पण सायल्याला वाटलं, वेळ उरलाय, गडी नुसता गाफील आहे. हुलकावणी देऊन तो पळाला आणि चेंडू खांबांच्या बरोबर मधून धाडला. दोन्ही हात वर करून नाचला. एकटाच. गोल झाला की खांबांपाशी निशाणं हलवणारा पंच ढिम्म उभा होता.

"अरे गाढवा, घंटा झाली होती ना!" कुंपणावरून लोक ओरडले. मिक तणतणत मागून आला. "सायल्या! ए सायल्या!" दोन हातांवरून ओरडला, तरी सायल्या पंचाकडेच बघत होता. मिक थबकला. मग वळसा घालून समोर उभा राहिला आणि घंटेकडे बोट केलं.

सायल्याने वर केलेले हात खाली घेतले.

"सांगितलं का नाहीस रे?"

सायल्याने ओठ वाचले. "खेळू दिलं असतंस?"

मिकने मान हलवली. "नाही."

"मग? एक मोसम तरी मिळाला."

लोकांच्या शिव्या चालूच होत्या. सायल्या मैदानात तिथेच खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.