रेडियम भरणारे चचा

घड्याळ समोर आलं की चचा त्याच्यावर काळं फडकं टाकत आणि स्वतःचं डोकंही त्यात खुपसत. बाहेर हैदराबादेतल्या जामबागेच्या रस्त्यावर लख्ख ऊन, आणि दुकानात हा साठीचा माणूस फोटोग्राफरसारखा फडक्यात शिरलेला. गिऱ्हाईक बोलू लागलं की आतून आवाज येई, "ठैरो जी, अंधेरा बोलेगा."

अंधार काय बोलला ते मग ते बाहेर येऊन सांगत. कोणत्या आकड्याचं रेडियम मेलं आहे, कोणता अजून वर्षभर तग धरेल. ते सहसा खरं ठरे, आणि मला त्याचा राग येई.

मी पुण्यात दोन वर्षं घड्याळदुरुस्ती शिकून या दुकानात कामाला लागलो होतो. वडील जामबागेतल्याच एका शाळेत मास्तर, म्हणून चचा मला 'छोटे मास्टर' म्हणत. मला इंग्रजी वाचता येई, मशीन सगळं खोलून पुन्हा जोडता येई. पण रेडियमचं घड्याळ आलं की मालक ते माझ्यासमोरून उचलून चचांपुढे ठेवत. चमकणारे आकडे ही त्या दुकानाची शान होती, आणि ती शान माझी नव्हती.

तुम्हाला वाटेल, अंधारात चमकणारे आकडे सगळे सारखेच. तसं नव्हतं. स्वस्त घड्याळात रेडियमचा लेप सरळ तबकडीवरच आकड्यासारखा ओढलेला असे. तो लवकर पिवळा पडे, कधी टवका उडून काचेखाली भुगा होई. बऱ्या घड्याळात आधी शाईची बारीक कड आखलेली असे आणि लेप त्या कडेच्या आत भरायचा. माझा आठ पोट सुटल्यासारखा कडेबाहेर यायचा. चचांचा कधी आला नाही. दर आकड्याआधी ते ब्रश ओठांत धरून त्याला टोक काढत आणि एका श्वासात आकडा भरून टाकत. मी घरी कागदावर शेकडो आठ काढले. हात तसाच राहिला.

एका शुक्रवारी चचा नमाजाला गेले असताना सिकंदराबादचे एक निवृत्त सुभेदार आले. लढाईतून आणलेलं घड्याळ, आकडे विझत आलेले. मी ते घेतलं, काच काढली आणि आकड्यांवर लेप चढवायला लागलो. चार आकडे होईपर्यंत सगळी तबकडी बरबटली. चचा आले. तबकडी पाहून सरळ फडक्याखाली गेले. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी काटे काढले आणि तबकडी नखाने अलगद उचलली. तिच्या खाली दुसरी तबकडी होती. वरच्या पत्र्यात आकडे आरपार कापलेले, आणि रेडियम सगळं खालच्या पत्र्यावर. प्रकाश खालून वर यायचा.

"ऊपर नक्को भरो, छोटे मास्टर," ते हळू म्हणाले. "इसका चिराग तहखाने में है."

दुपारभर ते लाकडाच्या काडीने माझे डाग खरवडत बसले. सुभेदारांना त्यांनी सांगितलं की तबकडी नाजूक आहे, अजून एक दिवस लागेल. माझं नाव घेतलं नाही. त्यांनी चारचौघांत माझी चूक काढली असती तर मी त्यांना माफ केलं असतं.

देश स्वतंत्र झाला ते साल. आमचं हैदराबाद अजून वेगळंच होतं. मुंबईहून माल येणं हळूहळू कठीण होत चाललं होतं, तरी रेडियमचा एक नवा डबा आला. आत इंग्रजी कागद होता. मालकांनी तो माझ्या हातात देऊन काय लिहिलंय ते सांगायला लावलं. मी पूड किती, वार्निश किती, वाळायला वेळ किती, सगळं वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हे द्रव्य पोटात जाणं धोक्याचं आहे, ब्रश कदापि तोंडाला लावू नये.

ती ओळ मी वाचली नाही.

चचा समोर बसले होते, ब्रश ओठांत होता. माझ्या मनात काय आलं ते मला अजून नीट आठवतं. ही ओळ यांना सांगितली तर ते आणखी जपून काम करतील आणि आणखी वीस वर्षं माझ्यासमोर बसतील. मी कागदाची घडी करून खिशात घातली. उद्या सांगू, असं त्या दिवशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

पुढच्या वर्षी शहर बिघडलं. नारायणगुड्यातली आमच्या ओळखीची काही हिंदू कुटुंबं सोलापूरकडे निघून गेली. दुकान चारलाच बंद होऊ लागलं. चचा माझ्याबरोबर आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत येऊ लागले. त्यांचं घर उलट दिशेला होतं. मी नको म्हटलं तर म्हणत, हकिमाने चालायला सांगितलंय. एका संध्याकाळी हातात काठ्या असलेल्या चौघांनी आम्हाला अडवलं आणि मला नाव विचारलं. चचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "मेरा बच्चा है," एवढंच म्हणाले आणि मला घेऊन चालू लागले. मागून कोणी आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत त्यांनी माझा खांदा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि ती ओळ वाचून दाखवली. कालच नजरेस पडली, असं सांगितलं.

चचांनी ब्रश खाली ठेवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण कागद हातात घेऊन त्यांनी तो उलटसुलट पाहिला. दहा महिने खिशात राहून त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

"कागज तो पुराना है," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी वाटीत पाणी घेतलं, कापसाचा बोळा भिजवला आणि ब्रशचं टोक त्यावर काढायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आठाने कड ओलांडली. मला थोडं बरं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद भारतात आलं, आणि काही दिवस वाट उलटी झाली. मी चचांना त्यांच्या घरापर्यंत सोडायला जाऊ लागलो. वाटेत आम्ही घड्याळांवर बोलायचो. त्या कागदावर कधीच नाही. पुढे त्यांचा जबडा दुखू लागला, दात हलू लागले, आणि ते दुकान सोडून मुलीकडे राहायला गेले. जावई रेल्वेत होता, तारनाक्याजवळ क्वार्टर होतं. त्यांची जागा मला मिळाली.

दोन वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. ते खाटेवर बसले होते, गालाभोवती रुमाल बांधलेला, तोंडात एकही दात नव्हता. डॉक्टर नक्की काही सांगत नव्हता. वीस वर्षांचं रेडियम, त्यातले माझे दहा महिने. कोणाचा वाटा किती, ते कोण सांगणार. मुलगी त्यांना खिचडी कालवून भरवत होती. मला पाहून त्यांनी तिचा हात थांबवला.

"येइच छोटे मास्टर," ते तिला म्हणाले. शब्द नीट उमटत नव्हते. "इन्नेच बताये मेरे कू. नै तो अब तक मर गया होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही.

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मला आत नेऊन जमिनीवर दस्तरखान अंथरून जेवायला बसवलं, खिचडी वाढली, वर खिमा वाढला, लोणचं ठेवलं. मी पुरे म्हटलं तरी ती वाढत राहिली. दार उघडं होतं आणि चचा खाटेवरून बघत होते. मी मान खाली घालून सगळं खाल्लं.

त्या हिवाळ्यात ते गेले. मला चार दिवसांनी कळलं.