ऑइल टाक

ब्रेकचा नवा मास्टर सिलेंडर बसवून महिना झाला नव्हता, आणि राजेश्वर गावाच्या वाटेवर उतारात आमच्या जुन्या जीपचा ब्रेक थेट तळाला गेला. मागं हायस्कूलच्या सात पोरी. चालवणाऱ्या अण्णानं, माझ्या थोरल्या चुलतभावानं, हँडब्रेक ओढून गाडी बांधाला टेकवली. एकीचा ओठ फुटला. बाकी काही झालं नाही, असं लोक म्हणतात. मला ते वाक्यच सहन होत नाही.

बस आमच्या फाट्यावर थांबत नाही, म्हणून ही जीप. बस थांबावी म्हणून मी पत्रकं काढतो, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यामुळं दोषी शोधायला मला वेळ लागत नाही. जीप मेकॅनिक चाचांच्या गॅरेजात ओढून लावली आणि सिलेंडर घेतला होता त्या पार्टच्या दुकानात तडक गेलो.

"नकली माल विकून पोरींचा जीव घ्यायलाव का, शेठ?"

माणसं जमली. जमली की मला चेव येतो.

"आधी खोलून तरी बघा," शेठ म्हणाले.

"आता पत्रकच बघा!"

परत आलो तर चाचांनी सिलेंडर खोललेला. आतलं रबर भिजल्या हरभऱ्यासारखं फुगलेलं. त्यांनी बोट हुंगलं. "इसमें इंजिन ऑइल कौन डाला?"

अण्णानं माझ्याकडं बोट केलं. "ब्रेकच्या डबीत लेव्हल कमी दिसालीय म्हनून फोन केलो, तर ह्योच म्हनला, ऑइल टाक."

"ब्रेकचं म्हणत होतो मी!"

"मग ब्रेकचं म्हनायचं. पत्रकात पानभर लिवतूस, फोनवर एक शब्द जड झाला व्हय?"

इतकी वर्षं गाडी हाकून ह्याला एवढं कळू नये! आणि ब्रेकचं फ्लुइड, जे तेलच नाही, त्याला ऑइल म्हणायला सगळ्यांना शिकवलं कुणी? मी संतापून म्हणालो, "नुसता सिलेंडर बदला चाचा, उद्या शाळा हाय."

चाचांनी पाना आपटला. "नक्को! पोरींच्या नावानं बाजारात गळा काढलास अन् अर्धं काम मागायलास? चारी चाकांच्या ब्रेकची रबरं गेलीत. नळ्या धुवायच्या. दोन दिवस लागतेत."

दोन दिवस पोरी घरी. सांगायला गेलो तर ओठ फुटलेल्या पोरीची आई दारात तूर पाखडत होती.

"कामून बंद हाय जीप?"

'नकली' हा शब्द ओठावर आलाच होता. गिळला. "माझी चूक. माझ्या सांगण्यावरनं भलतंच तेल पडलं."

"बाजारात तर दुकानदाराच्या नावानं बोंबललास म्हनं."

"व्हय."

"मग ह्येचं बी पत्रक काढ. दोन्ही बाजूनं. अन् पैलं तू बसून उतार उतर. मग बघू पोरीचं."

पत्रक काढलं, दात खाऊन. शेठनं ते काउंटरवर चिकटवलं. अजून तिथंच आहे.

तिसऱ्या दिवशी उतारावर जीपमध्ये मागं मी एकटा. खाली ती बाई पोरीला घेऊन उभी होती, दप्तर मात्र स्वतःच्या हातात धरून.

"दाब," मी म्हणालो.

"काय दाबू? नीट सांग," अण्णा म्हणाला.

"ब्रेक!" मी ओरडलो. "पायाचा ब्रेक, एकदाच!"

जीप जागच्या जागी थांबली. बाईनं आधी चाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग दप्तर पोरीच्या हातात दिलं.