मांड्याचा हात आणि गोल्फची काठी

पंचावन्नाव्या वर्षी मी गोल्फ शिकले. हे मी आजही मुद्दाम लोकांना सांगते आणि त्यांचे चेहरे बघत बसते. आमच्या ह्यांची नोकरी तेव्हा भुसावळकडच्या एका कॉलनीत होती. तिथल्या साहेबलोकांनी मागच्या माळावर सहा भोकं खणली आणि त्याला मैदान म्हणायला लागले. गवताचं नाव नव्हतं. पांढरे बूट घालून जायचं आणि मुरुमाच्या रंगाचे घेऊन यायचं. संध्याकाळी निम्मी कॉलनी कोपराला पट्टा बांधून चहा पीत बसलेली असायची. कोणाचा खांदा धरलेला, कोणाचं मनगट. मी त्यांना हसायचे. म्हणायचे, फायली उचलणारे हात हे, यांना काय झेपणार.

माझा हात मांड्याचा होता ना. खापरावरचे मांडे करणारीला आमच्याकडे वेगळा मान असतो. पुरण भरलेला उंडा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायचा. तीस वर्षं मी हे केलं होतं. त्यामुळे शिकवणारे साहेब जेव्हा म्हणाले, "वहिनी, हातानं नाही, कमरेनं मारा," तेव्हा मी मनात म्हटलं, याला काय कळतंय. आणि हातानंच मारत राहिले. चेंडू लांब जायचा, टाळ्या पडायच्या. कधी काठी चेंडूऐवजी जमिनीवर बसायची आणि खांद्यापर्यंत झणका जायचा. तो मी कोणाला सांगितला नाही.

मार्चमध्ये उजवा हात वेणी घालायला वर जाईना. डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबून पाहिला. "काकू, स्नायू थोडा फाटलाय. सहा आठवडे काठीला हात लावायचा नाही."

"आणि मांड्यांना?"

"त्यांनाही नाही."

एप्रिलमध्ये कॉलनीतल्या बायकांचा सामना होता आणि त्यानंतर आठच दिवसांनी आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. पंच्याऐंशीच्या सासूबाई धुळ्यातल्या देवपूरहून फोनवर बोलल्या होत्या, "यंदा तुना हातना मांडा खासू. पुढलं कोनी देखं शे." शहाण्या बाईनं काठी कपाटात ठेवली असती. मी गोळी घेतली आणि सामना खेळले. दुसरा नंबर आला. बक्षिसात थर्मास मिळाला, त्यात चहा तासाभरात गार होतो. शेवटच्या फटक्याला खांद्यात काहीतरी फडक्यासारखं टरकलं होतं. मी हसत फोटो काढून घेतला.

आखाजीला आम्ही धुळ्याला गेलो. माझी धाकटी जाऊ पहाटेपासून कणीक तिंबत होती. परातीत आपटून आपटून तिनं ती अशी केली होती की बोटानं ओढली तर तार निघावी. सासूबाई चुलीसमोर पाट टाकून बसलेल्या, शेजारी आमरसाचं पातेलं. मी उंडा घेतला. पहिले दोन झेल जमले. तिसऱ्याला उजवा हात वर गेलाच नाही. मांडा अर्धा मनगटावर लोंबला आणि चुलीच्या राखेत पडला.

त्या वेळी तोंडातून एवढंच निघायला हवं होतं, की माझा खांदा गेलाय. पण मग कशानं गेला, ते आलं असतं. डॉक्टरीण नको म्हणत असताना या वयात माळावर काठी फिरवून हात घालवला, हे सासूबाईंसमोर कोण सांगणार?

मी म्हणाले, "कणीक बिघडली आहे. तिंबली नाही नीट."

सासूबाई जावेकडे वळल्या. "इतला वरीस झायात, तुले अजून कनिक भिजाडता येत नही."

 जावेनं हात धुतले, तवा ठेवला आणि सगळ्यांना साध्या पोळ्या लाटून वाढल्या. त्यानंतर दोन वर्षं सासूबाई होत्या. दोन्ही आखाज्यांना त्यांनी कणीक तिंबायला गल्लीतली एक बाई बोलावली. जाऊ पुरण वाटत बसायची. मी खांद्याचं निमित्त नवंच झाल्यासारखं सांगून पाहुणी म्हणून पाटावर जेवायचे. मग सासूबाई गेल्या.

त्या राखेत पडलेल्या मांड्याला आता बारा वर्षं होत आली. हात कानापर्यंत जातो, पुढे नाही. यंदा नातीनं मांडे शिकवा म्हणून धोशा लावला, तेव्हा मी तिला घेऊन देवपूरला जावेकडे गेले. नातीनं परातीतली कणीक ओढून पाहिली आणि म्हणाली, "आजी, किती भारी आहे ही." माझ्याच्यानं राहवलं नाही. खापर तापत होतं तेवढ्यात मी जावेला सगळं सांगितलं: माळ, काठी, डॉक्टरीण, थर्मास. नात आधी हसत होती, मग जावेकडे बघायला लागली.

जाऊ कणीक तिंबत राहिली. "अक्का, माले त्याच दिनले समजनं व्हतं. तू डाव्या हातानं जेवत व्हतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"ते तुनं काम व्हतं." चुलीतलं लाकूड आत सारून ती म्हणाली, "आते माले सांगीसन काय उपेग? जिले सांगाले पाहिजे व्हतं, ती ते गयी."

 

तिनं परात माझ्याकडे सरकवली. "तू नुसता उंडा कर. डाव्या हातानं जमी तुले."

मी उंडे करायला बसले. नातीचा पहिला मांडा राखेत पडला. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझंच चुकलं." पंधरा वर्षांची पोर, आणि किती सहज म्हणाली.