तापलेल्या पट्टीचा आकडा

गेल्या वर्षी आमच्या विभागानं माझ्या पट्टीचं उद्घाटन केलं. पट्टी बोटाच्या पेराएवढी, समई माझ्या कमरेएवढी. दुर्मिळ धातू आणि सेंद्रिय रेणू एकत्र गुंफून केलेली ही पातळ पट्टी अतिनील प्रकाशात हिरवी चमकते आणि तापेल तशी लाल होत जाते. जखमेवरच्या ड्रेसिंगमध्ये ती ठेवली की रंगावरून आतला ताप कळावा, अशी कल्पना. रंग दिसायला दिवे घालवावे लागतात. फोटोग्राफरनं ते घालवू दिले नाहीत. पाहुण्यांनी न दिसलेल्या रंगाला टाळ्या वाजवल्या.

यंदा एका सोमवारपासून एक डॉक्टर भाजलेल्या रुग्णांवर पट्टी लावून पाहणार होते. आधीच्या शुक्रवारी दुपारी मी काळ्या पडद्याआड शेवटची मोजणी करत होतो. पैठणहून रोज एसटीनं येणारे आमचे प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी पट्टी ठेवलेला मोजणीचा डबा उघडून तिला उलटा हात लावला.

"सर, ही तर लई तापलीय. मशीन छत्तीस म्हणतंय?"

"चाचा, तुमचा हात कधी तपासून घेतलाय का?"

"नाय. पण चार लेकरांचा ताप ह्याच हातानं बघितलाय."

मी हसलो, आणि मग पाहिलं. बाहेरचा उजेड नको म्हणून मी डबा घट्ट बंद ठेवत असे. आतला अतिनील दिवा पट्टीला तापवत होता, आणि तापमापक चिकटवला होता खालच्या धातूच्या प्लेटला. वर्षभर मी प्लेटचं तापमान पट्टीच्या नावावर लिहीत होतो. फरक तीन अंशांचा. जखम तापलेली असती आणि रंगावरून अंश सांगणाऱ्या माझ्या तक्त्यानं ती ठीक असल्याचं सांगितलं असतं.

विभागप्रमुखांना फोन केला.

"आता? अहो, बातमी छापून आलीय. चाचणी होऊ द्या, मग दुरुस्ती करू."

"तोवर एखाद्याची जखम चिघळलेली असेल."

"तुम्हाला घरी समजावणारं कुणी नाही ना, म्हणून हे सुचतं."

त्यांचं निदान माझ्या पट्टीपेक्षा अचूक होतं. मी डॉक्टरांना कळवलं. "बरं झालं सांगितलंत," म्हणून त्यांनी फोन ठेवला. उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर आल्यावर ही हकीकत सांगण्याजोगं कुणी फोनमध्ये सापडतं का, ते पाहिलं. दूधवाला, गॅसवाला, दोन विद्यार्थी.

सोमवारी कुणाच्याही जखमेवर ती पट्टी लागली नाही. विभागात माझ्याशी बोलणं कमी झालं. तापमापक पट्टीलाच चिकटवून मी पंचवीस अंशांपासून मोजायला पुन्हा सुरुवात केली.