झालरीच्या जागी तोरण

काल स्वेटर काढताना ठिणग्या चटचटल्या आणि भोसरीच्या लाँड्रीतला गरम कापडाचा वास आठवला. मी तिथं कामाला होते तेव्हा हॉस्पिटलच्या टेरिकॉटच्या चादरी इस्त्रीच्या रोलरमधून घडीच्या मशीनकडे जायच्या, आणि वाटेत तांब्याच्या तारांची एक काळपट झालर त्यांना घासायची. खंडेनवमीला मशीन पुसताना मला ती कळकट वाटली. मी ती भंगारात टाकली आणि तिथं झेंडूचं तोरण बांधलं. दसऱ्यानंतर मशीन सुरू केलं, तर चादरी एकमेकींना चिकटून घडीत अडकायला लागल्या, हात लावला की झटका. गेटवर हॉस्पिटलचा टेम्पो खोळंबलेला. आमचे मेकॅनिक चाचा आले. त्यांनी तोरणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "चादरीतली वीज ती झालर उतरवायची, बेटा." तेवढ्यात मालक ओरडत आले, "झालर कुणी काढली?" चाचा म्हणाले, "मीच काढली, साहेब. साफ करायला." सगळ्यांसमोर त्यांनी बोलणी खाल्ली, जुन्या वायरी सोलून नवी झालर बांधली आणि तोरणातलं एक फूल तिच्यात खोवलं. मी शेजारी गप्प उभी होते. काल मात्र, हातात स्वेटर धरून, रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं म्हटलं, "मी काढली होती, साहेब."